डिजिटल निरवानिरव : आपल्या माघारी फोन, खाती आणि फोटो

'निरवानिरव' हा शब्द हल्ली फारसा कानावर येत नाही. मागे राहणाऱ्यांची सोय लावणे, देणेघेणे सांगून ठेवणे, किल्ल्या योग्य हाती सोपवणे, या सगळ्याला आपल्या आधीच्या पिढ्या निरवानिरव म्हणत. त्यांच्या वेळी ती तुलनेने सोपी होती. कपाटात एक पत्र्याची पेटी असे. तिच्यात पासबुके, विम्याचे कागद, घराचे खत, सोसायटीची पावती, एखादी दागिन्यांची यादी. माणूस गेल्यावर तेराव्यानंतर कधीतरी ती पेटी उघडली की घरातल्यांना बहुतेक व्यवहार कळून येत.

आता ती पेटी मोबाइलमध्ये गेली आहे आणि तिला चार-सहा आकडी कुलूप आहे. पासबुक भरून आणण्याची सवय गेली. विम्याची पावती, म्युच्युअल फंडाचे विवरण, शेअरच्या लाभांशाची सूचना ईमेलवर येते. विजेचे बिल फोनवरून भरले जाते. बडोद्यातल्या आपल्या कित्येक घरांत आईवडील इथे आणि मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात अशी विभागणी आहे. वडिलांची खाती कुठे कुठे आहेत हे मुलांना ठाऊक नसते, आणि पुष्कळदा आईलाही नसते. सगळे व्यवहार 'हे बघतात' असे म्हणण्यात वर्षे गेलेली असतात.

सभासदांना आणि त्यांच्या मुलांना उपयोगी पडेल अशी माहिती इथे एकत्र केली आहे. मालमत्ता मोठी असेल किंवा वारसांत मतभेद होण्याची शक्यता असेल, तर वकिलाचा सल्ला घ्यावाच.

मोबाइल नंबर आधी बंद करू नका

घरातले माणूस गेल्यावर पहिल्या महिन्यात कोणीतरी कर्तव्यदक्ष नातेवाईक सुचवतो, 'आता त्यांचा नंबर बंद करून टाका, उगाच रिचार्ज कशाला?' हा सल्ला त्या घडीला मानू नये. बँक, ईमेल, म्युच्युअल फंड, डिमॅट, गॅसची नोंदणी, आधार, प्राप्तिकराचे खाते, सगळे त्या एका नंबराला बांधलेले असते. कोणती खाती होती हे कळण्याचा सर्वांत सोपा मार्गही तोच. महिन्या-दोन महिन्यांत येणारे एसएमएस वाचले तरी कुठला हप्ता जातो, कुठून लाभांश येतो, कोणती पॉलिसी चालू आहे, याचा अंदाज येतो.

प्रीपेड सिमवर ९० दिवस काहीच वापर झाला नाही आणि शिल्लकही नसेल, तर कंपनी ते बंद करू शकते. रिचार्जची मुदत संपली की त्याआधीही मेसेज येणे थांबू शकते. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हेच सांगितले होते. म्हणजे खाती बंद करायच्या आधी नंबर सोडला, तर वडिलांच्या बँकेचा ओटीपी काही महिन्यांनी तिऱ्हाईताच्या फोनवर वाजू लागेल. त्यापेक्षा सगळ्यांत स्वस्त रिचार्ज करून वर्षभर नंबर चालू ठेवावा. पुढेही तो हवा असेल तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा देऊन कायदेशीर वारसाच्या नावावर करून घेता येतो.

इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पहिली, बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडणारा फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की पिन मागतो. फोनची बॅटरी दवाखान्याच्या धावपळीत संपलेलीच असते. तेव्हा फोनचा पिन घरात निदान एका माणसाला माहीत हवा. आयफोनवरचे कुलूप तर कंपनीसुद्धा आतला मजकूर पुसल्याशिवाय काढून देऊ शकत नाही. दुसरी गोष्ट ई-सिमची. साधे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येते. ई-सिम असेल आणि फोन उघडत नसेल, तर कंपनीच्या कार्यालयात खेपा घालण्यावाचून उपाय नाही.

फोन हातात आला, पिन माहीत आहे, म्हणून यूपीआयने पैसे काढून घेऊ नयेत. एटीएम कार्डाचेही तेच. खातेदाराच्या मृत्यूबरोबर त्याच्या एकट्याच्या नावावरचे खाते चालवण्याचा अधिकार संपतो. दिलेले मुखत्यारपत्रही संपते. अंत्यविधीच्या खर्चासाठी म्हणून काढलेल्या रकमेवरून पुढे भावंडांत तट पडल्याची उदाहरणे आपल्या समाजातही आहेत, आणि बँकही त्याबद्दल प्रश्न विचारू शकते. यावरचा खरा उपाय हयातीतला आहे. रोजच्या खर्चाचे एक खाते नवराबायकोने 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेला' या पद्धतीने संयुक्त ठेवावे. त्यातून हयात असलेल्याची निकड भागते, कोणाला विचारावे लागत नाही.

एक वही, जुन्या पद्धतीची

पासवर्ड साठवणारी चांगली अ‍ॅप्स आहेत. तरुण सभासदांनी ती जरूर वापरावीत. पण साठी ओलांडलेल्या माणसासाठी दोनशे पानी पुठ्ठ्याच्या वहीइतके भरवशाचे साधन दुसरे नाही, असे आमचे मत आहे. वही हॅक होत नाही आणि तिला चार्जिंग लागत नाही.

वहीत काय असावे? बँकांची नावे, शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे आणि नॉमिनी कोण ते. मुदत ठेवी. डिमॅट खाते कोणत्या दलालाकडे आहे. म्युच्युअल फंडांचे फोलिओ. विम्याच्या पॉलिसींचे क्रमांक. पीएफ आणि पेन्शन. कोणाला उसने दिलेले, कोणाकडून घेतलेले. खात्यातून आपोआप जाणारे हप्ते आणि वर्गण्या: एसआयपी, कर्जाचा हप्ता, ओटीटी, वर्तमानपत्राची ऑनलाइन वर्गणी. खाते गोठेपर्यंत या वर्गण्या निमूटपणे पैसे कापत राहतात. मग ईमेलचे पत्ते, त्यांपैकी मुख्य कोणता, आणि त्या ईमेलला जोडलेला फोन नंबर. गूगलच्या दुहेरी पडताळणीसाठी दहा बॅकअप कोड एकदम मिळतात. ते छापून वहीत चिकटवले, तर फोन हरवला तरी ईमेल उघडता येते. हा उपयोग हयातीतही होतो.

यूपीआयचा पिन आणि एटीएमचा पिन मात्र लिहू नका. हयातीत तो धोका आहे आणि मृत्यूनंतर वारसांना त्याचा कायदेशीर उपयोग नाही. फोनचा पिन आणि मुख्य ईमेलचा पासवर्ड एका बंद पाकिटात वेगळा ठेवावा. वही कुठे आहे हे एकाला ठाऊक असावे, पाकीट दुसऱ्याकडे असावे. फोनवर कोणी बँकेतून, पोलिसांतून किंवा 'केवायसी विभागातून' बोलतो असे सांगून वहीतले काही विचारू लागला, तर फोन ठेवून द्यावा, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागेल.

वही बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्याचा मोह होतो. लॉकर उघडायलाच मृत्यूचा दाखला, अर्ज आणि ठरलेली प्रक्रिया लागते. आणि त्या प्रक्रियेची माहिती वहीत, वही लॉकरमध्ये! घरातल्या कपाटात ठेवलेली बरी. पाडव्याला किंवा दसऱ्याला वहीपूजन करणारी घरे आपल्याकडे अजून आहेत. त्या दिवशी ही वहीही काढून बदल नोंदवावेत.

गूगल, अ‍ॅपल आणि फेसबुकवरची सोय

या तिन्ही कंपन्यांनी आपल्या पश्चात खात्याचे काय करायचे हे आधीच सांगून ठेवण्याची सोय केलेली आहे. ती फुकट आहे आणि पंधरा मिनिटांत होते. तरी आपल्या ओळखीतल्या दहा माणसांना विचारून पाहा, एखाद्यानेच ती वापरलेली असेल.

गूगलच्या सोयीचे नाव इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर. ती २०१३ पासून आहे. खाते किती काळ वापरात नसले तर कृती करायची हे आपण ठरवतो: ३, ६, १२ किंवा १८ महिने. मुदत भरण्याआधी गूगल आपल्याला मेसेज आणि ईमेल पाठवून विचारते. उत्तर आले नाही, तर आपण नेमलेल्या माणसांना (जास्तीत जास्त दहा) कळवले जाते आणि आपण ठरवलेला मजकूर त्यांना उतरवून घेता येतो. कोणाला फक्त फोटो द्यायचे, कोणाला ईमेलही, हे वेगवेगळे ठरवता येते. त्यांना हा मजकूर तीन महिने उपलब्ध असतो. पासवर्ड त्यांना मिळत नाही. त्यानंतर खाते पुसून टाकावे असेही सांगून ठेवता येते. नेमलेल्या माणसाचा मोबाइल नंबर द्यावा लागतो. तो बदलला तर इथेही बदलावा; परदेशी गेलेल्या मुलाचा जुना भारतीय नंबर राहून जातो.

ही सोय केली नाही तर काय होते? दोन वर्षे वापरात नसलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून ते अमलात आणायला सुरुवात केली. ईमेल, फोटो, ड्राइव्हमधले कागद, सगळे त्यात जाऊ शकते. म्हणून माणूस गेल्यावर 'फोटो गूगलवर आहेतच, बघू सावकाश' असे म्हणत राहू नये. वारसांना गूगलकडे कागदपत्रांसह अर्ज करता येतो, पण मजकूर द्यायचा की नाही ते कंपनी ठरवते.

अ‍ॅपलने डिसेंबर २०२१ मध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' आणला. आपण पाच जणांपर्यंत नावे देऊ शकतो. नेमलेल्या माणसाजवळ एक प्रवेश-कळ राहते. ती आणि मृत्यूचा दाखला सादर केला की फोटो, नोंदी, संपर्क, फोनचे बॅकअप असा मजकूर मिळतो. हा प्रवेश पहिला अर्ज मंजूर झाल्यापासून तीन वर्षे असतो, मग खाते कायमचे पुसले जाते. साठवलेले पासवर्ड आणि विकत घेतलेली गाणी, चित्रपट, पुस्तके त्यात मिळत नाहीत. प्रवेश-कळ छापून वहीत ठेवावी.

फेसबुकवर दोन पर्याय आहेत. खाते स्मृतिरूपाने ठेवणे किंवा पुसून टाकणे. स्मृतिरूप झालेल्या खात्यात नावाजवळ स्मरणाचा शब्द दिसतो आणि वाढदिवसाच्या आठवणी पाठवणे बंद होते. वर्षभरापूर्वी गेलेल्या काकांना 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, शतायुषी व्हा' असे लिहिणारे कोणी ना कोणी असतेच, ते टळते. आपण नेमलेला माणूस मुख्य फोटो बदलू शकतो, एक निवेदन वर टांगून ठेवू शकतो, मैत्रीच्या विनंत्यांना उत्तर देऊ शकतो. खासगी संदेश मात्र त्याला वाचता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर असा वारस नेमण्याची व्यवस्था नाही. खाते साधारणपणे १२० दिवस वापरात नसले तर पुसले जाते. संभाषणे फोनमध्ये आणि बॅकअपमध्ये असतात. आजीचे आवाजातले निरोप, नातवाला म्हणून दाखवलेली गोष्ट, असे काही जपायचे असेल तर ते फोन चालू असतानाच बाहेर काढून ठेवावे लागते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील कलम १४ नुसार, आपल्या मृत्यूनंतर किंवा आपण असमर्थ झाल्यास आपल्या माहितीबाबतचे हक्क बजावण्यासाठी नॉमिनी नेमण्याचा हक्क मिळणार आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून प्रमुख तरतुदी १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तोवर कंपन्यांनी दिलेल्या सोयींवरच अवलंबून राहावे लागेल.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

हा गैरसमज शिकलेल्या घरांतही घट्ट आहे. नॉमिनीला बँक पैसे देते, त्याने बँक मोकळी होते. ते पैसे अखेर कोणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. नॉमिनी हा विश्वस्तासारखा. कालनिर्णयचे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून असाच दावा उभा राहिला होता. तो मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शेअरवर नॉमिनी म्हणून नाव असल्याने पूर्ण मालकी मिळत नाही. विम्यात थोडा फरक आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील, तर पॉलिसीची रक्कम सामान्यतः त्यांचीच होते.

म्हणून नॉमिनेशन करायचे नाही असे नाही. ते केलेच पाहिजे, कारण त्याने पैसे लवकर हाती येतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. ठेवींसाठी एकदम ठराविक हिश्शांत किंवा एकामागून एक, लॉकरसाठी एकामागून एक. डिमॅट आणि म्युच्युअल फंडांसाठी सेबीने ही मर्यादा दहापर्यंत वाढवली आहे. डिजिलॉकरमध्येही आता नॉमिनी नेमता येतो. खातेदाराच्या पश्चात त्याला डिमॅट आणि म्युच्युअल फंडांची विवरणे पाहता येतात. पैसे काढता येत नाहीत, पण काय आहे ते कळते, आणि पुष्कळदा अडते ते तिथेच.

मृत खातेदाराचा दावा सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत सांगितले आहे. नॉमिनी नसला आणि वाद नसला, तर व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत सोपी पद्धत ठेवली आहे.

दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीत जातात. फेब्रुवारी २०२३ अखेर एकट्या सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी अशा सुमारे ३५,००० कोटी रुपयांच्या ठेवी रिझर्व्ह बँकेकडे वर्ग केल्या होत्या. त्यात आपल्यासारख्याच घरांचे पैसे आहेत. ते बुडत नाहीत, वारस मागू शकतो. शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले. नाव, पॅन किंवा जन्मतारीख घालून अनेक बँकांत एकाच वेळी शोधता येते. छोट्या सहकारी बँका आणि पतपेढ्या तिथे सापडतीलच असे नाही, आणि आपल्या लोकांच्या ठेवी तर पुष्कळदा अशाच ठिकाणी असतात. सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही तर शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे वर्ग होतात. तेही परत मिळवता येतात, मात्र चिकाटी लागते.

नावांचा घोळ

हा भाग खास आपल्यासाठी, म्हणजे गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी. ऑनलाइन अर्जात नाव जुळले नाही तर यंत्र 'हरकत नाही, चालेल' असे म्हणत नाही. अर्ज परत येतो.

आपल्याकडची नावे कशी कशी बदलतात ते पाहा. आधारवर 'सुमन', रेशनकार्डावर 'सुमनबेन'. बँकेत 'वसंत', मतदारयादीत 'वसंतभाई', आणि जुन्या नोकरीच्या कागदांत 'वसंतराव'. आपण नाव आधी आणि आडनाव शेवटी लिहितो. इथल्या कार्यालयांत आडनाव आधी येते. ज्ञानेश्वर, प्रज्ञा, यज्ञेश या नावांतला 'ज्ञ' आपण इंग्रजीत डी-एन-वाय असा लिहितो, गुजराती पद्धतीत तो जी-एन होतो. लग्नात नाव बदलण्याची पद्धत आपल्या कितीतरी घरांत होती. आजीचे माहेरच्या नावाने काढलेले पोस्टाचे खाते आणि सासरच्या नावाचे आधार यांचा संबंध कागदोपत्री कुठेच नसतो. चारुशीला आणि मंदाकिनी ही एकच बाई, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक. संगणकाला कोण सांगणार?

हयातीत हे दुरुस्त करणे सोपे असते, माणूस स्वतः जाऊन सही करू शकतो. पश्चात प्रतिज्ञापत्रे, राजपत्र, लग्नाचे जुने दाखले शोधत बसावे लागते. तेव्हा आधार, पॅन, बँक आणि डिमॅट या चार ठिकाणी नाव अक्षरशः एक आहे ना, हे या वर्षी एकदा पाहून घ्यावे. नसेल तिथे दुरुस्तीचा अर्ज करावा.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागते. दवाखान्यातून नोंद जाताना नावाचे स्पेलिंग कोणीतरी रात्रपाळीचा माणूस लिहितो. म्हणून दवाखान्याच्या अर्जावर नाव भरताना आधार कार्ड समोर ठेवावे. नंतर महानगरपालिकेकडून दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्याव्यात. परदेशी कंपन्यांसाठी इंग्रजी मजकूर असलेला दाखला लागतो. वारसांची नोंद दाखवणारे पेढीनामे लवकर करून घ्यावे, बँका आणि कार्यालये ते मागतात.

मृत्युपत्र कागदावरच

डिजिटल मालमत्तेबद्दल बोलत असलो तरी मृत्युपत्र डिजिटल चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याने मृत्युपत्र आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. फोनवर चित्रफीत करून सांगितलेली इच्छा किंवा ईमेलने मुलांना पाठवलेली वाटणी म्हणजे मृत्युपत्र नव्हे. कागद हवा, स्वतःची सही हवी आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवल्यास वाद कमी होतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. मराठीत लिहिले तरी चालते. फक्त इथल्या बँका आणि कचेऱ्यांसाठी भाषांतर लागेल, हे धरून चालावे.

मृत्युपत्रात डिजिटल गोष्टींचा उल्लेख असावा: डिमॅट, वॉलेटमधली रक्कम, स्वतःचे संकेतस्थळ, यूट्यूब वाहिनीचे उत्पन्न, लेखनाचे हक्क. पासवर्ड त्यात लिहू नयेत, तो कागद अनेक हातांतून जातो. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या मालमत्तेत पत्नी आणि मुलांबरोबर हयात आईचाही समान वाटा असतो. हे ऐकून कित्येक जणांना आश्चर्य वाटते. गोव्यात घर किंवा नातेसंबंध असलेल्यांनी तिथल्या वकिलाला वेगळे विचारावे. तिथे पतिपत्नीच्या सामाईक मालमत्तेचे आणि वारसांच्या राखीव निम्म्या हिश्शाचे नियम वेगळे आहेत.

घरातल्या तरुणांनी क्रिप्टो घेतले असेल तर एक गोष्ट विचारून ठेवा: ते एक्स्चेंजवर आहे की स्वतःच्या वॉलेटमध्ये? स्वतःच्या वॉलेटची किल्ली म्हणजे बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांची माळ. ती हरवली तर कोणतेही न्यायालय ते चलन परत आणून देऊ शकत नाही. कॅनडातल्या क्वाड्रिगा या एक्स्चेंजचा संस्थापक डिसेंबर २०१८ मध्ये जयपुरात वारला, तेव्हा किल्ल्या त्याच्याबरोबर गेल्याचे सांगण्यात आले आणि हजारो ग्राहक अडकले. पुढे तपासात त्यात मोठी अफरातफर असल्याचेही निघाले. क्रिप्टो असलेल्या घरातल्या आईवडिलांनीही मुलांकडे निरवानिरवीचा विषय काढायला हवा. मृत्यू वयाचा क्रम पाहत नाही.

फोटो, कुलवृत्तान्त आणि लेखन

पैशांचे कायदे आहेत, अर्ज आहेत, मुदती आहेत. आठवणींना यातले काही नाही, म्हणून त्या सर्वांत आधी हरवतात.

गायकवाडी काळापासून इथे असलेल्या आपल्या घरांत मोडीतली पत्रे, दप्तरे अजून सापडतात. कागद शंभर वर्षे टिकला. दहा वर्षांपूर्वीच्या मोबाइलमधले फोटो आज किती जणांकडे आहेत? कुलवृत्तान्ताचे काम बहुतेक कुळांत एखादे काका वर्षानुवर्षे एकहाती करत असतात. पाचशे माणसांची माहिती त्यांच्या लॅपटॉपमधल्या एका एक्सेलच्या फाइलीत असते. त्या फाइलीची प्रत दरवर्षी कुळातल्या आणखी दोघांना मिळायला हवी. कीर्तनाच्या, नाटकाच्या, घरगुती गाण्याच्या जुन्या कॅसेटी काहींनी डिजिटल करून घेतल्या आहेत. त्याही एकाच पेन ड्राइव्हवर ठेवू नयेत. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे पडून राहिला की दगा देतो.

फोटोंत माणसे कोण हे लिहून ठेवणे याहून महत्त्वाचे. चाळीस हजार फोटोंचा साठा वारसाला ओझे वाटतो. त्यातले दोनशे निवडून, नावे आणि सालासह छापून ठेवले तर ते पुढच्या पिढीत पोहोचतात. आजोबांनी एका दुपारी बसून नातवाला नावे सांगितली आणि नातवाने टाइप केली, एवढ्याने काम होते.

लिहिणाऱ्या सभासदांसाठी: आपल्या कविता, लेख, अनुवाद यांचे हक्क भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात आणि वारसांकडे जातात. मृत्युपत्रात एका माणसाचे नाव त्यासाठी दिले तर पुढे दिवाळी अंकाच्या किंवा संग्रहाच्या संपादकाला परवानगी कोणाकडे मागायची हे कळते. किंडलवर घेतलेली पुस्तके मात्र वारशात जात नाहीत. ती वाचण्याचा परवाना असतो, मालकी नसते. छापील पुस्तकांच्या कपाटाचे हे एक सुख उरले आहे.

मंडळाची खाती

लहान संस्थांचे फेसबुक पान, यूट्यूब वाहिनी, ईमेल, संकेतस्थळाचे नाव आणि व्हॉट्सअ‍ॅप गट पुष्कळदा कोणा एका उत्साही सभासदाच्या स्वतःच्या नंबरावर उघडलेले असतात. तो सभासद गेला किंवा मुलाकडे परगावी राहायला गेला, की गणेशोत्सवाच्या वीस वर्षांच्या फोटोंना कुलूप लागते. घरच्यांना दुःखाच्या दिवसांत त्याबद्दल विचारणेही अवघड. संकेतस्थळाच्या नावाची वर्गणी भरली नाही तर ते नाव दुसरा कोणी घेऊ शकतो, आणि मग आपल्या मंडळाच्या पत्त्यावर भलत्याच जाहिराती दिसू लागतात.

प्रत्येक पानाला आणि वाहिनीला पूर्ण अधिकार असलेली निदान दोन माणसे हवीत. व्हॉट्सअ‍ॅप गटाला दोन अ‍ॅडमिन हवेत. संकेतस्थळाचे नाव संस्थेच्या नावाने नोंदवलेले असावे आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख कार्यकारिणीच्या इतिवृत्तात लिहावी. संस्थेच्या ईमेलला जोडलेला फोन नंबर संस्थेच्या खर्चाने चालवलेला असावा. कार्यकारिणी बदलते तेव्हा हिशेबाच्या वह्या आणि शिक्के जसे नव्या पदाधिकाऱ्यांच्या ताब्यात दिले जातात, तसे हे अधिकारही त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर लॉगिन करून सोपवावेत आणि जुन्या पदाधिकाऱ्यांची नावे तिथल्या तिथे काढावीत.